बोलका पहारेकरी

रूपसिंग महाराजांच्या घशातली गाठ औरंगाबादच्या डॉक्टरांनी काढली आणि गाठीबरोबर आवाजही गेला, ते दोन हजार दोन साल. त्यानंतर महाराज पाटीवर लिहून बोलायचे. पहिलीच्या पोराकडं असते तशी लाकडी चौकटीची पाटी, गळ्याभोवती उपरणं, उपरण्याखाली कापसाची पट्टी, आणि त्या पट्टीतून येणारी श्वासाची बारीक शिट्टी. ज्या माणसाचं निरूपण बिनमाईकचं तांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचं, त्याच्या पाटीवर आता एका वेळी चार शब्द मावायचे.

त्यांचा आवाज माझ्याकडं होता. एक्केचाळीस कॅसेटी.

चौऱ्याऐंशी सालापासून मी त्यांच्या मागं टाळ धरून उभा राहत आलो. मी शाळामास्तर, संतराम राठोड. गळा म्हणावा तर बेताचा, पण ठेका चुकत नाही. पायाशी टेप ठेवायचो आणि बटण दाबून टाळ हातात घ्यायचो. त्या कॅसेटींत महाराज आहेत, मृदंग आहे, मधेच रडणारी लेकरं आहेत, कुत्री आहेत. आणि दर कीर्तनात एक गोष्ट हमखास आहे. महाराज रंगात आलेले असताना मंडपाच्या तोंडाशी कोणी उशिरा येऊन घुटमळलं की ते वाक्य अर्धं सोडायचे, हात पुढं करायचे आणि म्हणायचे, "या, या, पुढं या." लोक सरकून जागा करायचे. आलेला टेकला की सोडलेलं वाक्य जिथल्या तिथं उचलायचे. दारू पिऊन आलेल्यालाही तसंच, नव्या जावयालाही तसंच.

"ज्याला दारातून परत लावाल," ते सांगायचे, "देव त्याच्याकडं तोंड करंल आन् तुमच्याकडं पाठ. खोटं वाटत असंल तर औंढ्याला जाऊन नंदी कुठं बसलाय ते बघा." आमच्याकडं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. समोरून हुसकलेला भक्त देवळामागं जाऊन गात बसला तर नागनाथानं अख्खं देऊळ त्याच्याकडं फिरवलं, नंदी राहिला मागं. ज्या गावचा देव असा, त्या गावात दारावर आलेल्याला 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही.

कॅसेटींना बुरशी धरू लागली तेव्हा मी औंढ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आणला. वायर जोडून एकेक कॅसेट मशीनमध्ये उतरवली. दीड वर्षाचे रविवार त्यात गेले. काही कॅसेटींची पट्टी उतरवता उतरवताच तुटली. जणू शेवटचं एकदा बोलायचं म्हणून थांबली होती.

सगळ्या उतरवून झाल्यावर प्रश्न आला, या खोक्याचं करायचं काय? याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, बेबीबाईनं, क्षणभरही विचार केला नाही.

"जीर्ण झालेली पोथी आपण काय करतो?"

"पाण्यात सोडतो."

"मग हे का भंगारवाल्याला द्यायचंय? देवाचं नाव हाय त्यात."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, डोळ्यांत पाणी आलं. मार्गशीर्षात आम्ही मायलेक पूर्णेवर गेलो, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस कॅसेटी एकेक करून पाण्यात सोडल्या. बुडायला त्या फार वेळ घेत होत्या. थोडं तरंगायच्या, वळायच्या, मग जायच्या. याडी प्रत्येकीला हात जोडत होती.

हे मी अमृतरावांना कौतुकानं सांगितलं. अमृतराव खिल्लारे टेलिफोन एक्स्चेंजला होते. धम्माचे पक्के, आमच्या देवादिकांवर त्यांचा विश्वास नाही, पण महाराजांचं कीर्तन ऐकायला मंडपाच्या बाहेर सायकलला टेकून उभे राहायचे. आत बोलावलं की म्हणायचे, "हितूनच बराबर ऐकू येतं." त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"एकच प्रत ठिवली, गुरुजी?"

"मशीनमधी हाय की सगळं."

"मशीन का अमर असती व्हय? घरातलं बी सगळं एकाच हंड्यात ठेवता का?"

मला राग आला नाही, पण त्या दिवशी प्रथमच मी मशीनकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. पांढरा पत्र्याचा डबा. आत पंख्याची घरघर.

दोन हजार चारच्या चैत्रात महाराज तपासणीला जाऊन आले. गाठ परत आली होती. डॉक्टरांनी त्यांच्या पुतण्याला बाजूला घेऊन सांगितलं, पावसाळा दिसला तर दिसला. आमचा तांडा औंढ्याहून शिरड शहापूरच्या रस्त्याला आहे. तिथं तांड्याचा प्रमुख देवला नाईक, त्याच्या ओट्यावर बैठक बसली. दोन वर्षं बंद पडलेला सप्ताह वैशाखात करायचं ठरलं. आणि नाईकानं माझ्याकडं बघून सांगितलं की शेवटच्या दिवसाचं काल्याचं कीर्तन दुसरा कोणी बुवा करणार नाही. महाराज जागेवर उभे राहतील, मागं आपले टाळकरी उभे राहतील, आणि आवाज मास्तरच्या मशीनमधून येईल.

सगळे महाराजांकडं पाहू लागले. त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं: 'एकदा ऐकू द्या.'

मशीन उचलून तांड्यावर न्यायची तर वीज कधी जाईल नेम नाही. निलम, माझी मुलगी, पुण्यात इंजिनियरिंगला होती. तिच्या मैत्रिणीकडं सीडी करायचं यंत्र होतं. फोनवर म्हणाली, "बापू, काल्याला लावायचं कीर्तन इंटरनेटवरून पाठवा. एकदम जाणार नाही, तुकडे करून पाठवा. मी सीडी करून घेऊन येते. बाकीची चाळीस मी सुट्टीत आले की उतरवू, म्हणजे दुसरी प्रत होईल." अमृतरावांनी जे सांगितलं होतं तेच पोरगी सांगत होती. मी फोनची वायर मशीनला जोडली.

पहिल्याच संध्याकाळी मोडेमनं किरकिर केली, लाईन लागली, आणि मी पत्राचं, म्हणजे ई-मेलचं, पान उघडायच्या आत पडद्यावर एक चौकट आली. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की मशीन साठ सेकंदांत बंद होणार आहे, कामं आवरा. आणि खाली आकडा उतरत होता. एकोणसाठ, अठ्ठावन्न. मी ती चौकट बंद करायला गेलो तर ती बंद होईना. शितल, माझी बायको, पोळपाट घेऊन दारात उभी होती. तीही बघत राहिली. शून्य झालं आणि मशीन बंद पडली. पुन्हा चालू केली, लाईन लावली, पुन्हा तेच. याडीनं विचारलं, "कोन मोजून राहिलंय?"

अमृतराव रविवारी आले ते एक सीडी घेऊन. मशीन उघडून बघितली, तोंडानं चुक् केलं.

"बाहेरून कोनीतरी धक्का मारून राहिलंय. तुमी लाईन लावली की दार उघडं पडतं. ज्याला फायरवॉल म्हनत्यात ती तुमच्या मशीनला न्हाईच. म्हंजे हाय, पन झोपेल हाय."

"कोण मारतंय धक्का? आमचं कोणाशी वाकडं न्हाई."

"कोनी न्हाई. मशिनी हायेत. मानूस असता तर थकला असता."

मग त्यांनी मला पर्याय समजावले. ते मला आजही शब्दन् शब्द आठवतात, कारण त्यातला कुठला घ्यायचा हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

"हे बघा, दोन पहारेकरी हायेत. एक मुका. तो विंडोजच्या पोटातच हाय, एका खुणेनं उठतो. तुमी न बोलवलेलं बाहेरचं कोनीबी आलं की दार लावून घेतो. इचारत न्हाई, सांगत न्हाई. दुसरा ह्या सीडीतला, तो बोलका. तो हर एकाचं नाव घेऊन इचारतो, ह्याला येऊ देऊ का, त्याला जाऊ देऊ का. तुमी हो म्हनलं तर हो, न्हाई म्हनलं तर न्हाई. दोघं एका दारावर ठिवायचे न्हाईत, भांडत्यात."

"चांगला कुठला?"

"मुका घ्या. म्या पुढच्या हप्त्यात जंतू मारायची सीडी आनतो, तवर त्यो दार धरून बसंल."

"पण काही आधीच आत येऊन बसलेलं असलं तर?"

अमृतरावांनी सीडी हातात फिरवली. "तर मुक्याला ते दिसत न्हाई. आतून कोनी बाहेरच्याला हाक मारली तर बोलकाच धरंल. पन गुरुजी, बोलका पहारेकरी उत्तर देनारा शाना असंल तरच कामाचा."

मी बोलका घेतला. आत बसलेल्याचं कारण होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. आमच्या तांड्यात परका माणूस आला तर त्याला आधी विचारतात: कुठला, कोणाचा, कोणत्या तांड्याचा? नाव-गाव सांगितलं की पाण्याचा तांब्या पुढं येतो. न विचारता दार लावणं ही आमच्यात शिवी आहे. मुका पहारेकरी मला माणुसकीला सोडून वाटला.

शितल म्हणाली, "पत्र्याच्या डब्याला दोन दोन राखणदार, आन् कणगीला साधं झाकण न्हाई."

अमृतरावांनी बोलका बसवला. कोपऱ्यात घड्याळाशेजारी एक बारीक ढाल आली. लाईन लावल्यावर साठाचा आकडा आला नाही. आता एकेक चौकट यायची: अमुक नावाचा प्रोग्रॅम बाहेर जाऊ पाहतो, जाऊ देऊ का? डावीकडं हो, उजवीकडं नाही, आणि खाली एक बारका चौकोन, 'हे उत्तर कायम लक्षात ठेव.' इंटरनेटची पानं दाखवणारा आला, त्याला हो. पत्रं नेणारा आला, त्याला हो.

"बस," अमृतराव म्हणाले. "दोनच. तिसरं कितीबी वळखीचं नाव घेऊन येऊ द्या, न्हाई म्हनायचं. येनारं सोंग घेऊन येतं, विंडोजचाच मानूस हाय आसं सांगतं."

जाता जाता त्यांनी ढालीवर टिचकी मारून एक यादी उघडून दाखवली. ठोठावणाऱ्यांची यादी. अर्ध्या तासात एकशे अठरा. नुसते आकडे, ठिपके, वेळ. आमच्या त्या दोन खोल्यांच्या दारावर, जिथं दिवसाकाठी दूधवाला आणि एखादा पालक यायचा, तिथं एकशे अठरा जण येऊन हात लावून गेले होते आणि घरात कोणाला आवाज आला नव्हता. अमृतराव गेल्यावर मी उठून खरं दार लावलं. भर दुपार होती.

त्यानंतरच्या रविवारांना महाराज येऊ लागले. पुतण्या जीपमधून सोडून जायचा. मी खुर्ची मशीनसमोर ठेवायचो, त्यांना त्यांचंच कीर्तन लावून द्यायचो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि त्यांचे ओठ हलायचे. चाल वर गेली की मान वर जायची, आणि जिथं सम यायची तिथं गळ्यातली शिट्टी बरोबर थांबायची. बघवत नव्हतं आणि बघणं सोडवतही नव्हतं. माऊस त्यांना मीच शिकवला. एक कीर्तन संपलं की दुसऱ्या नावावर बाण न्यायचा, दोनदा टिचकी.

एकदा ते बसलेले असताना चौकट आली. मी पत्रं पाठवायची खटपट करत होतो. त्यांनी बोट दाखवलं.

"हा आपला दारवान हाय, महाराज," मी म्हणालो. "कोणी आलं की विचारतो, येऊ देऊ का? हितं टिचकी मारली की हो. हितं न्हाई. खाली खूण केली की पुन्हा पुन्हा विचारत न्हाई."

त्यांनी लिहिलं: 'न्हाई म्हणता?'

"वळख नसली तर."

ते हसले. हसू म्हणजे नुसती शिट्टी. पाटी पुसून लिहिलं: 'नंदी कुठं बसलाय?'

मीही हसलो. त्या हसण्याचा मला फार पश्चात्ताप आहे. तिथं मी हात जोडून सांगायला हवं होतं की महाराज, हे दार तसलं नाही. पण गुरूला दाराबद्दल शिकवायचं म्हणजे कोणत्या तोंडानं? दारं कशी उघडी ठेवावीत ते मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

मेच्या दोन तारखेचा रविवार. काल्याच्या कीर्तनाचे मी नऊ तुकडे केले होते, एक्क्याण्णव सालच्या सप्ताहातलं, त्यांचा आवाज सगळ्यात मोकळा होता तेव्हाचं. सकाळपासून लाईन लावून तीन तुकडे पुण्याला गेले होते, चौथा जात होता. महाराज दुसरंच एक कीर्तन ऐकत बसले होते. शितल शेजारणीबरोबर शेवया करायला गेली होती. महाराजांच्या गळ्याची पट्टी ओली दिसली म्हणून मी उठलो.

"याडी, महाराजांपाशी बस. म्या मेडिकलवरून कापूस आन् पट्टी घेऊन येतो."

मला यायला अर्धा तास लागला असेल. मेडिकलवाला जेवायला गेला होता. परत आलो तेव्हा महाराज तसेच डोळे मिटून बसलेले, याडी भिंतीला टेकून जप करत असलेली, चौथा तुकडा पोचलेला. मी पट्टी बदलली. सगळं जागच्या जागी होतं.

पाचवा तुकडा मात्र जाईना. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. लाईन लागायची, पण मशीन चिखलात चाललेल्या बैलासारखी ओढायची. मी काही करत नसलो तरी मोडेमचा दिवा लुकलुकायचा. टेबलाशी कोणी नाही, पडद्यावर काही नाही, आणि तो हिरवा दिवा एकसारखा, घाईघाईनं, कोणाशी तरी बोलल्यासारखा. मी वायर काढायचो, दिवा शांत व्हायचा. वायर लावली की दिवा लगेच सुरू. जंतू मारायची सीडी काही अजून आली नव्हती, आणि अमृतरावांना सांगावं म्हटलं तर त्यांची बदलीवर पंधरा दिवस हिंगोलीला नेमणूक. मी कोपऱ्यात ढाल आहे का ते बघायचो. ढाल होती. ढाल आहे म्हटल्यावर मला धीर यायचा. पहारेकरी काही बोलत नाही, म्हणजे दारावर कोणी नाही, असं मी समजत होतो. एकदा 'हो' मिळालेल्याबद्दल तो पुन्हा कधीच बोलत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

सप्ताह बसला. रोज संध्याकाळी मी तांड्यावर टाळ धरायला जायचो. काल्याला तीन दिवस उरले असताना, गुरुवारी, राहिलेले तुकडे पुन्हा पाठवून बघू म्हणून बसलो. आधी ते कीर्तन जरा ऐकावं म्हणून दोनदा टिचकी मारली. वाजवणारं यंत्र उघडलं आणि मिटलं. दुसरं कीर्तन लावलं. उघडलं, मिटलं. तिसरं.

मी यादी उघडली. एक्केचाळीस नावं जागेवर होती, माझ्या हातांनी दिलेली: गाव, साल, सप्ताहाचा दिवस. पण प्रत्येकाचं, मी कापलेल्या तुकड्यांचंही, वजन सारखं झालं होतं. तास दीड तासाची कीर्तनं, आणि प्रत्येकासमोर तोच एक आकडा, अकरा केबी. सगळ्यांवर तीच तारीख, तीच वेळ, बुधवारी दुपारी चार. त्या वेळी मी याच खुर्चीत बसून पाचवा तुकडा ढकलत होतो. माझ्या डोळ्यांदेखत, त्या हिरव्या दिव्याच्या लुकलुकीत ते झालं होतं.

मी फोन केला तसे अमृतराव हिंगोलीहून संध्याकाळच्या गाडीनं आले. त्यांनी तासभर काय काय करून पाहिलं. शेवटी खुर्ची मागं सरकवली.

"पुसलं असतं तर खालून उकरता आलं असतं, गुरुजी. हे पुसेल न्हाई. वरून लिहिलंय. पाटीवर दुसरं लिहिल्यावानी. आता खालचं निघत न्हाई."

मग त्यांनी ढालीवर टिचकी मारून 'हो' म्हटलेल्यांची यादी काढली. दोन नावं आम्ही दिलेली. खाली तिसरं. विंडोजच्याच नावासारखं नाव, एका अक्षराचा फरक. आत यायला परवानगी, बाहेर जायला परवानगी, कायम लक्षात ठेव.

"हे पहिल्या दिसापास्नं आत दबा धरून आसंल. कवातरी यानं तोंड काढलं आन् पहारेकऱ्यानं इचारलं. कोनी हो म्हनलं?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "दोन मे. अकरा चाळीस."

त्या वेळी मी मेडिकलच्या ओट्यावर कापसासाठी थांबलो होतो.

याडी भाजी निवडत होती. मशीनमधलं तिला काही कळत नाही, पण तारीख कळली. मान वर न करता म्हणाली, "त्या दिशी कोनी तरी आलतं म्हनं डब्यात. महाराजांनी मला खूण केली, कोनी तरी उभं हाय, घेऊ का आत? म्या म्हनलं, घ्या की, उन्हाचं कशाला उभं ठिवायचं."

अमृतरावांनी माझ्याकडं बघितलं. मग पायांत चप्पल घालून बाहेर गेले आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिले. जाताना दारातून एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्याला सांगू नका, गुरुजी."

तेच तर होतं. आवाज गेला होता, त्याला आता इलाज नव्हता. पण जाणारा माणूस आपला आवाज नेणाऱ्याला आपणच दार उघडलं हे ओझं घेऊन जाता कामा नये. मी याडीला शपथ घातली. ती खुळ्यासारखी बघत राहिली. पाहुण्याला आत घेण्यात लपवायचं काय, हे तिला कळत नव्हतं. निलमला फोन केला. ती रडली, मग म्हणाली की चार तुकडे आहेत, बावीस मिनिटं होतील, तेवढ्याची सीडी आणते.

शुक्रवारी तांड्यावर गेलो. महाराज देवळाच्या ओट्यावर, मंडपाचं कापड बांधणाऱ्यांकडं बघत बसले होते. दहा दिवसांत अंगावरचं मांस उतरलं होतं. मी पायाशी बसलो.

"महाराज, मशीन बिघडली. बावीस मिन्टंच हाती लागली."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पाटी ओढली. लिहिलं: 'रविवारचा पाहुणा?'

"न्हाई, महाराज. पाहुण्याचं काय न्हाई त्यात. चूक माझी. म्या कॅसेटी पाण्यात सोडायला नको व्हत्या."

शेवटचे शब्द खरे होते आणि सांगणं खोटं होतं. तीस वर्षं हजार माणसांचे चेहरे समोर घेऊन उभा राहिलेला माणूस. त्याला एक चेहरा वाचता येणार नाही काय? त्यांनी उपरण्याच्या टोकानं पाटी पुसली, काहीतरी लिहिलं, आणि मी वाकून वाचायच्या आत पुन्हा पुसलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थंड होता, वैशाखात.

काल्याचा दिवस उजाडला. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. मंडप भरला होता. शिरडहून, हट्ट्याहून माणसं आली होती. बाया एका अंगाला, त्यात पुढच्या रांगेत याडी. अमृतराव नेहमीसारखे बाहेर सायकलला टेकून. महाराजांना दोघांनी धरून उभं केलं. धोतर, अंगरखा, फेटा, गळ्यात हार. त्यांनी दोघांचे हात बाजूला केले आणि आपल्या पायांवर उभे राहिले. आम्ही दहा टाळकरी मागं. निलमनं सीडी लावली.

आणि आवाज आला.

तो मी काय वर्णन करू. तेरा वर्षांपूर्वीचा तो आवाज भोंग्यातून तांड्यावर पसरला तसे लोक आधी दचकले, मग रडू लागले, मग टाळ्या धरू लागले. आमचे टाळ आपोआप त्या ठेक्यात पडले. महाराजांचे ओठ हलत होते, हात वर जात होते, शब्दागणिक, एक हरकतही न चुकता. लांबून बघणाऱ्याला वाटावं की तेच गातायत. मला मात्र बावीस मिनिटं माहीत होती. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण आत कोणीतरी मोजत होतं. तो साठाचा आकडा जसा उतरत होता, तसा.

चाल चढली. महाराज दृष्टांतात शिरले. आणि मला एकदम आठवलं, चौथा तुकडा कुठं संपतो ते. मी स्वतःच कापला होता.

भोंग्यातला आवाज वाक्याच्या मधेच थांबला. एक्क्याण्णव सालच्या त्या मंडपात कोणीतरी उशिरा आलं होतं. मोकळ्या, मायेच्या सुरात आवाज म्हणाला, "या, या, पुढं..."

आणि तुटला. भोंग्यात नुसती घरघर राहिली.

आमचे टाळ थांबले. महाराजांचा उजवा हात वर गेलेला होता तो तसाच पुढं आला, पंजा उलगडला. ते मंडपाच्या तोंडाकडं बघत होते आणि हसत होते, ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतात तसं. बोटं दोनदा आपल्याकडं वळली. या, या.

आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. मंडपाच्या तोंडाशी कोणी नव्हतं. पडदा बाजूला बांधलेला होता, बाहेर नुसतं ऊन. त्या उन्हापलीकडं अमृतराव सायकल सोडून दोन पावलं पुढं आलेले, आणि तेही वळून आपल्या मागं बघत होते.

महाराजांच्या गळ्यातली शिट्टी थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली नाही.

पुढच्या रांगेत याडीनं पदर सावरला आणि एक हात जमिनीला टेकून, कोणाकडं न बघता, सवयीनं बाजूला सरकून जागा केली.